पेटर्स गेले, माजी-माजी आले

मी बर्लिनमध्ये वेडिंग नावाच्या भागात राहते. (हो, नाव वेडिंगच आहे, लग्नाशी काही संबंध नाही, आणि त्यावरचे सगळे जोक आमच्या ग्रुपवर करून झालेत.) घरापासून चालत सात-आठ मिनिटांवर एक रस्ता आहे, रुंद, दोन्ही बाजूंनी झाडं. मी कितीतरी संध्याकाळी तिथून चालत गेलेय पण त्याचं नाव मनावर कधी घेतलं नव्हतं. पेटर्सआले. जर्मनमध्ये असल्या झाडांच्या रस्त्याला 'आले' म्हणतात, त्यामुळे माझ्या मराठी डोक्यात ते कायम 'पेटर्स आले' असंच वाजायचं, म्हणजे कुणीतरी पाहुणे आलेत आणि आता चहा टाकायला पाहिजे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये हे पेटर्स गेले. रस्त्याचे दोन तुकडे करून एकाला आना-मुंगुंडा-आले नाव दिलं आणि दुसऱ्याला माजी-माजी-आले. इथली पद्धत अशी की नवी पाटी लावली तरी जुनी लगेच काढत नाहीत, तिच्यावर लाल तिरकी रेघ मारून काही महिने ती तशीच शेजारी ठेवतात, लोकांना सवय व्हावी म्हणून. मी दोन्ही पाट्यांचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली मराठीत लिहिलं, माजी-माजी-आले. पाच मिनिटांत आईचा फोन.

"कोन आले व? माजी कोन? आमदार का?"

मी इतकी हसले की पुढची दहा मिनिटं तिला काही सांगताच येईना. पण नंतर ते डोक्यात अडकून बसलं. माजी म्हणजे आपल्याकडे जो होता आणि आता नाही तो. आणि शेजारी लाल रेघ मारलेला पेटर्स. खरा माजी तर तोच की!

तर या शब्दाचं असं आहे की स्वाहिली भाषेत माजी म्हणजे पाणी. साधं पाणी, प्यायचं, नदीचं, विहिरीचं. आणि माजी माजी म्हणजे १९०५ ते १९०७ या काळात आजच्या टांझानियाच्या दक्षिण भागात जर्मनांविरुद्ध झालेला उठाव. पाणी पाणी असं नाव असलेलं युद्ध. मला ते माहीत नव्हतं, आणि इथे सहा वर्षं राहून माहीत नव्हतं याची थोडी लाजही वाटली. शाळेत आपण साम्राज्य म्हटलं की इंग्रज शिकलो, फार तर फ्रेंच, पोर्तुगीज. जर्मनी आली ती थेट पहिल्या महायुद्धात आणि मग हिटलर. त्याआधी यांचंही आफ्रिकेत राज्य होतं, पूर्वेला, नैऋत्येला, टोगोत, कॅमेरूनमध्ये, हे कुणी सांगितलंच नाही. आणि माझ्या आजूबाजूच्या पाट्या तर ओरडून सांगत होत्या. टोगो श्ट्रासं, कामेरुनर श्ट्रासं, विंडहुकर, स्वाकोपमुंडर, सान्सिबार. या भागाला आफ्रिकन क्वार्टरच म्हणतात. मला आपलं वाटायचं की इथे आफ्रिकेतली माणसं बरीच राहतात म्हणून असेल. पण ही नावं पडायला लागली ती जर्मनीला तिकडे जमिनी मिळाल्या त्या काळात, आणि बाजूच्या रेहबेर्गे बागेच्या जागेवर तर हागेनबेक नावाच्या प्राणीवाल्याला वसाहतींतले प्राणी आणि माणसं दोन्ही दाखवायचं कायमचं प्रदर्शन काढायचं होतं. माणसं, हो. पहिलं महायुद्ध आलं म्हणून ते राहिलं. बागेजवळ भाज्या-फुलं लावायला भाड्यानं देतात तसल्या तुकड्यांची एक वसाहत आहे, तिचं नाव कितीतरी वर्षं 'कायमची कॉलनी टोगो' असं होतं. आपल्याला कॉलनी म्हटलं की विद्युत कॉलनी, शिक्षक कॉलनी आठवते, म्हणून बोचत नाही.

आता हा पेटर्स कोण. कार्ल पेटर्स. १८८४ मध्ये, वय अठ्ठावीस, दोन-तीन मित्र घेऊन झांझिबारच्या समोरच्या किनाऱ्यावर उतरला आणि काही आठवड्यांत आतल्या भागातल्या मुखियांकडून कागदांवर सह्या, म्हणजे खरं तर फुल्या, घेत सुटला. कागद जर्मनमध्ये. त्या कागदांवर पुढच्या वर्षी कैसरची, म्हणजे जर्मन सम्राटाची, सनद मिळाली आणि जर्मन पूर्व आफ्रिका नावाची वसाहत उभी राहिली. पुढे किलिमांजारोच्या ठाण्यावर असताना त्यानं स्वतःच्या नोकराला आणि जबरदस्तीनं ठेवून घेतलेल्या एका मुलीला फासावर लटकवलं. ते इतकं गाजलं की खुद्द जर्मनीत त्याला 'फाशीवाला पेटर्स' म्हणायला लागले आणि १८९७ मध्ये त्याला सरकारी नोकरीतून काढलं. तिकडचे लोक त्याला म्हणायचे म्कोनो वा दामू, रक्ताचा हात.

मग नाझींनी त्याला परत हिरो केला, १९३९ मध्ये आमच्या इथल्या रस्त्याला त्याचं नाव दिलं. युद्ध संपलं, नाझी गेले, पाटी राहिली. आणि १९८६ मध्ये यांनी काय आयडिया केली माहितीये? पाटी तशीच ठेवली आणि जाहीर केलं की हा पेटर्स तो नव्हेच, हा हान्स पेटर्स, नाझींना विरोध करणारा एक कायद्याचा प्राध्यापक. संपलं! एक रुपया खर्च नाही. आपल्याकडे नावं बदलायची एवढी हौस, पण निदान पाटी तरी रंगवतात हो. २०१८ मध्ये इथल्या प्रभागानं ठराव केला की खरंच बदलायचं, तर रहिवाशांनी हरकती घेतल्या, कोर्टात गेले, आणि सहा वर्षं गेली. आमच्या बिल्डिंगमधल्या एक आजी अजून चिडून आहेत, त्यांची बहीण त्या रस्त्यावर राहते आणि तिला सगळ्या कागदांवरचा पत्ता बदलावा लागला. "मला त्या पेटर्सशी काय करायचंय, पण फॉर्म कोण भरणार," असं म्हणाल्या. जर्मन माणसाकडून फॉर्मबद्दल तक्रार ऐकायला मिळाली यातच मला आनंद झाला.

(आना मुंगुंडा ही नामिबियातली हेरेरो बाई, १९५९ मध्ये विंडहुकला गोळी लागून गेली, तेव्हा तिथे राज्य दक्षिण आफ्रिकेचं होतं. तिच्या लोकांचं त्याआधी जर्मनांनी जे केलं ते तर भयंकरच आहे. १९०४ च्या जानेवारीत हेरेरो उठले, ऑगस्टमध्ये वॉटरबर्गला हरले, मग फॉन ट्रोथा या सेनापतीनं त्यांना ओमाहेकेच्या वाळवंटात हाकललं, मागच्या पाण्याच्या जागा अडवल्या, आणि २ ऑक्टोबरला लेखी हुकूम काढला की जर्मन हद्दीत दिसेल तो हेरेरो गोळी घालून मारायचा. मग शेजारचे नामा लोक उठले, मग शार्क आयलंड बेटावरची कैद्यांची छावणी. ऐंशी हजारांच्या आसपास हेरेरो होते, त्यातले बहुतेक गेले. २०२१ मध्ये जर्मन सरकारनं त्याला वंशसंहार म्हटलं. तिथेही पाणी होतंच बघा, न मिळालेलं पाणी. पण त्यावर कंसात लिहून भागणार नाही, वेगळं लिहीन कधीतरी.)

मला पकडलं ते माजी माजीनं. आणि पाण्यामुळे नाही, कापसामुळे.

मी यवतमाळ जिल्ह्यातली. आमच्याकडे अजून सहा एकर कापूस आहे. म्हणजे बाबांकडे आहे, मी फक्त भाव विचारते. तर जर्मनीत तेव्हा कापडाच्या गिरण्या जोरात आणि त्यांचा कापूस यायचा मुख्यतः अमेरिकेतून. आपल्या वसाहतीतच का पिकवू नये, असं बर्लिनमध्ये बसून ठरलं. १९०२ पासून गव्हर्नर ग्योट्सेन यानं दक्षिणेकडच्या भागात गावोगावी सरकारी कपाशीचं शेत लावायला सुरुवात केली. प्रत्येकानं त्यात वर्षाला अठ्ठावीस दिवस राबायचं. कागदावर अठ्ठावीस. गावाचा मुखिया आणि त्याच्या डोक्यावर आकिदा, म्हणजे किनाऱ्याकडून आणून बसवलेला सरकारी माणूस, यांच्या हातात किबोको. किबोको म्हणजे पाणघोडा, त्याच्या कातड्याचा चाबूक, म्हणून चाबकाचंही तेच नाव. कापूस विकून आलेल्या पैशातला एक हिस्सा राबणाऱ्यांचा, एक मुखियाचा, एक वरच्या संस्थेचा. पहिल्या वर्षी राबणाऱ्यांच्या वाट्याला इतकं थोडं आलं की काही ठिकाणी लोकांनी ते पैसे हातात घ्यायलाच नकार दिला.

आणि घरपट्टी वेगळी. झोपडीमागे वर्षाला तीन रुपये. रुपयेच! त्या वसाहतीचं चलन रुपयाच होतं, कारण त्या किनाऱ्यावर आधीपासून हिंदुस्थानचा रुपया चालायचा, जर्मनांनी त्याच वजनाचं आपलं नाणं काढलं, वर कैसर विल्यमचं डोकं. किनाऱ्यावरची दुकानं, सावकारी, कापूस-रबराची खरेदी यात गुजराती-कच्छी व्यापारी भरपूर. उठाव झाला तेव्हा पहिल्याच दिवसांत समांगा नावाच्या बंदराच्या गावात त्यांची दुकानंही जाळली गेली. हे वाचताना मी जरा चाचरले. तोपर्यंत मी मनातल्या मनात आपल्याला आपोआप उठणाऱ्यांच्या बाजूला उभं केलं होतं ना. शेत कसणाऱ्याला कैसर लांब असतो, रोज दिसतो तो तराजू.

बरं, सगळ्यात वाईट काय, तर सरकारी कपाशीचं काम आणि स्वतःच्या शेताचं काम एकाच वेळी येतं. माणसं तिकडे राबतायत आणि इकडे घरच्या पिकात रानडुकरं. त्यात शिकारीवर सरकारची बंधनं, जाळी लावून डुकरं मारायची जुनी पद्धत होती ती बंद. हे मी फोनवर बाबांना सांगितलं तर ते एकदम सावरून बसले. तोवर त्यांना आफ्रिकेत काडीचा इंटरेस्ट नव्हता. पण डुकरं आणि वनखातं म्हटल्यावर, काय सांगता! अर्धा तास आमच्याकडच्या रोह्यांवर आणि डुकरांवर बोलले, रात्रीची जागल, फटाके, मागच्या वर्षी गेलेली तूर, अर्ज केला होता त्याचं काय झालं. मग स्वतःच म्हणाले, "हं, सांग पुढं. मंग काय केलं त्यायनं?"

मग त्यायनं पऱ्हाटी उपटली.

१९०५ चा जुलै. मातुंबीच्या डोंगरातलं नांदेते नावाचं गाव. (मी पहिल्यांदा 'नांदते' वाचलं.) वेचणीचा हंगाम तोंडावर. काही जण सरकारी शेतात चढून गेले आणि कपाशीची थोडी झाडं मुळासकट उपटली. बस, एवढंच. बंदूक नाही, भाला नाही, घोषणा नाही. पण तो युद्ध पुकारल्याचा इशारा होता आणि दोन्हीकडच्यांना तो बरोबर कळला.

ज्यानं कपाशी उपटली नाहीये त्याला हे छोटं वाटेल. पऱ्हाटी हातानं उपटून बघा एकदा. तिचं सोटमूळ सरळ खाली जातं, वाळलेली असली तरी हाताला फोड येतात, म्हणून आमच्याकडे हंगाम संपल्यावर त्यासाठी लोखंडी चिमटा वापरतात, बुंध्याशी पकडायचं आणि कमरेतून मागे जोर द्यायचा, की जमीन कर्र करून सोडते तिला. मी लहानपणी बाबांच्या मागे जाऊन उपटलेल्या पऱ्हाट्या गोळा करायचे, हातभर ओरखडे. पण ती संपलेली पऱ्हाटी. वेचणीला आलेली, बोंडं लागलेली हिरवी पऱ्हाटी उपटायची म्हणजे... बाबांना सांगितलं तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "उभी पराटी उपटाले काळीज लागते." पुस्तकात त्या उठावाची कारणं पानंच्या पानं लिहिलेली असतात. मला ती या एका वाक्यात जास्त कळली.

आता पाणी. गोष्ट अशी सांगतात की रुफिजी नदीच्या भागात न्गारांबे गावी किंजेकितिले नावाचा माणूस होता. १९०४ मध्ये त्याच्या अंगात आलं. होंगो नावाचं दैवत. ते त्याला डोहाकडे ओढत नेऊ लागलं, घरच्यांनी पाय धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण तो पाण्यात गेलाच. दुसऱ्या दिवशी बाहेर आला तो कोरड्या कपड्यांनी. आणि मग सांगू लागला की आपण सगळे एक आहोत, मेलेले पूर्वज परत येणार आहेत, आणि हे औषध घेतलं की जर्मनांच्या गोळ्यांचं पाणी होईल. औषध काय, तर पाणी, त्यात एरंडेल तेल आणि भरड धान्याचे दाणे. एरंडेल! रविवारी सकाळी नाक दाबून जे पाजायचे तेच. लोक कोसांवरून न्गारांबेला यायला लागले, प्यायचे, अंगावर शिंपडून घ्यायचे, बांबूच्या नळकांड्यात भरून गावी न्यायचे. जर्मन अधिकाऱ्यांना दिसत होतं की माणसं कुठेतरी झुंडीनं जातायत, पण त्यांना वाटलं जत्रा असेल, देवदेव चाललाय, बरंय.

इथे आपल्यासारखे लोक हसतात. मीही हसले, खोटं कशाला बोलू. माझा नवरा म्हणाला, म्हणजे अंधश्रद्धेनं मारले गेले बिचारे. आणि मजा म्हणजे गव्हर्नर ग्योट्सेनचंही तेच म्हणणं होतं! उठाव का झाला, तर मांत्रिकांनी भोळ्या लोकांना फसवलं. म्हणजे कापूस नाही, किबोको नाही, तीन रुपये नाहीत, फक्त पाणी. किती सोयीचं. लोक खुळे होते एवढं एकदा म्हटलं की मग आपण काय केलं ते सांगावंच लागत नाही.

माझी आजी पंढरपूरहून आलेलं तीर्थ एका लहान तांब्यात ठेवायची. दहावीच्या पेपरला जाताना तिनं ते माझ्या तळहातावर घातलं, मी प्यायले, उरलेलं डोक्याला लावलं. मी काय असं समजत होते का की त्यानं भूमितीचा पेपर सुटेल? नाही. आणि अगदीच नाही असंही नाही. पण त्या सकाळी आजी, आई, दारापर्यंत आलेल्या शेजारच्या काकू, सगळ्या माझ्या पेपरला बसल्यासारख्या होत्या, हे मात्र त्या चमचाभर पाण्यानं झालं होतं. मातुंबी, न्गिंदो, पोगोरो, म्बुंगा, न्गोनी, असे वीसेक समाज, वेगवेगळ्या बोली, एकमेकांवर धाडी घातलेले, काहींनी तर एकमेकांची माणसं पकडून विकलेली. यांना एकत्र आणायला कुठला कागद चालणार होता? कुठला राजा? एकाच भांड्यातलं पाणी प्यायलं की मग तू माझ्यावर भाला उचलणार नाहीस. पाणी पिणं हीच शपथ. आपल्याकडे बेलभंडार उचलतात त्यातला प्रकार. गोळ्यांचं पाणी होईल हे त्या शपथेचं वरचं वाक्य होतं, आतलं वाक्य वेगळंच होतं, असं मला वाटतं. आणि हो, याच्या पाच-सहा वर्षंच आधी इकडे छोटानागपूरला बिरसा मुंडाच्या लोकांमध्येही इंग्रजांच्या गोळ्यांचं पाणी होईल असंच बोललं जात होतं. एकाला दुसऱ्याची खबर असण्याचा प्रश्नच नाही. मधे अख्खा समुद्र.

किंजेकितिलेला ४ ऑगस्ट १९०५ ला मोहोरो इथे फाशी दिली. म्हणजे उठाव नीट पेटायच्या आतच. मरताना तो म्हणाला म्हणतात की आता मला मारून काही उपयोग नाही, औषध कधीच पुढे गेलंय. आणि ते खरंच पुढे गेलं होतं. किल्वाच्या मागच्या भागात, लिवालेला, तिथून पश्चिमेला. ऑगस्टच्या मध्यात लिवालेजवळ एक कॅथलिक बिशप त्याच्या सोबतच्यांसह मारला गेला, त्यात नन्सही होत्या. ३० ऑगस्टला हजारो माणसं महेंगेच्या लष्करी ठाण्यावर चालून गेली, डोक्याला धान्याची ताटं बांधून, दिवसाउजेडी, सरळ समोरून. आतमध्ये मशीनगन होत्या.

ते मी लिहीत नाही. तुम्हाला दिसतंयच ते.

लक्षात घ्या, बंदुकीमागेही बहुतेक आफ्रिकन माणसंच होती. अस्कारी, म्हणजे जर्मन पलटणीतले आफ्रिकन शिपाई. सुदानी, किनाऱ्यावरचे, आतल्या भागातले. हेहे लोकांनी तर १८९१ मध्ये लुगालोला जर्मनांची अख्खी तुकडी कापली होती, त्यांचा राजा म्क्वावा सात वर्षं हाती लागला नाही, आणि तेच हेहे आता जर्मनांच्या बाजूनं लढले. उठावाच्या आकड्यांत जर्मन बाजूचे मेले ते पंधरा युरोपियन आणि तीनशे एकोणनव्वद आफ्रिकन सैनिक. आपल्याला हे गणित नवं नाही.

मी हे सगळं तुकड्या-तुकड्यांनी घरी सांगत होते, दर रविवारी, सिरियलसारखं. महेंगे झाल्यावर मला वाटलं संपली गोष्ट. आईनं चुकचुक केलं. आणि बाबांनी विचारलं, "मंग पुढच्या साली पेरलं काय त्यायनं?"

मला उत्तर आलं नाही. मी वाचलेल्यात गोळ्या होत्या, फाशी होती, तारखा होत्या. पेरणी नव्हती, म्हणजे असेल पण माझं लक्ष नव्हतं. परत जाऊन वाचलं. आणि खरी गोष्ट तिथेच होती.

महेंगेनंतर लोक समोरून यायचे बंद झाले, जंगलात शिरून छोट्या टोळ्यांनी लढायला लागले, आणि जर्मनांना ते आवरेना. तेव्हा वांगेनहाइम नावाच्या कॅप्टननं लिहून कळवलं की लष्करी कारवाया म्हणजे समुद्रातला थेंब, शेवटची शरणागती फक्त भूक आणि टंचाईच आणू शकेल. (थेंबच सुचला त्याला. पाणीच.) मग तसंच केलं. तीन बाजूंनी पलटणी आत शिरल्या आणि गावं, उभी पिकं, साठवलेलं धान्य, सगळं जाळत गेल्या. बियाण्याचं सुद्धा. जे जाळलं नाही ते आपल्या सैन्याला खायला घेतलं. माणसं रानात पळालेली, पेरायला परत यायची सोय नाही. १९०६ गेलं, १९०७ गेलं. जर्मन सरकारचा आकडा पंच्याहत्तर हजार मेल्याचा. नंतर अभ्यास करणारे अडीच-तीन लाखांपर्यंत जातात. यातली गोळीनं मेलेली माणसं थोडी. बाकीची भुकेनं, आणि भुकेमागून येणाऱ्या आजारांनी. गोळ्यांचं पाणी झालं नाही हे सगळ्या जगाला पाठ आहे, पण गोळ्या पुरल्या नाहीत म्हणून ज्वारी-बाजरी जाळावी लागली, हे कुणी त्या चेष्टेत सांगत नाही.

गावं रिकामी झाली तिथे झाडी वाढली, हत्ती आले, झोपेचा आजार पसरवणारी त्सेत्से माशी आली, माणसाला परत राहता येईना. लिवालेच्या बाजूची बरीच ओसाड जमीन पुढे सेलू अभयारण्याच्या पोटात गेली. माझ्या ऑफिसमधला एक जण गेल्या वर्षी तिकडे सफारीला गेला होता, त्यानं फोटो दाखवले, म्हणाला, किती अनटच्ड आहे ना!

१९६८ च्या सुमारास दार-एस-सलामच्या विद्यापीठातली मुलं गावोगाव गेली आणि उठाव आठवणाऱ्या म्हाताऱ्या माणसांशी बोलली. किंजेकितिलेचा डोह, कोरडे कपडे, नांदेतेची पऱ्हाटी, हे आपल्यापर्यंत बरंचसं त्या म्हाताऱ्यांच्या तोंडून आलं. जर्मनांच्या दप्तरात त्याची जागा एक मांत्रिक, फाशी दिला, एवढीच असणार.

आणि बर्लिन. बर्लिन यातून सुटत नाही. २७ फेब्रुवारी १९०६ ला सोंगेया इथे न्गोनींच्या साठाहून जास्त पुढाऱ्यांना फाशी दिली आणि एकाच खड्ड्यात पुरलं. त्यांचा एक मोठा नेता सोंगेया म्बानो, गावाला आज त्याचंच नाव आहे. त्याला म्हणे माफी देऊ केली होती, तो म्हणाला माझी माणसं गेली तिथे मीही. त्याला वेगळं पुरलं, आणि तिकडचे लोक सांगतात की त्याचं डोकं कापून जर्मनीला नेलं. हे काही अशक्य नाही. इथल्या संग्रहालयांच्या कपाटांत त्या एका वसाहतीतून आणलेल्या हजाराहून जास्त कवट्या निघाल्यात, नंबर घातलेल्या, मोजमाप केलेल्या. हेहेंचा राजा म्क्वावा याची कवटी परत द्या असं तर पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहातच कलम आहे, २४६ वं, सहा महिन्यांत द्या म्हणून. मिळाली १९५४ मध्ये, ब्रेमेनच्या संग्रहालयातून, आणि ती त्याचीच ना, ही शंका अजून उरलेलीच.

२०२३ च्या १ नोव्हेंबरला जर्मनीचे राष्ट्रपती श्टाइनमायर सोंगेयाला गेले, त्या थडग्यांपाशी उभे राहून त्यांनी माफी मागितली, सोंगेयाच्या वंशजांना भेटले, डोकं शोधू म्हणाले, सापडेलच असं वचन मात्र दिलं नाही. मी तो व्हिडिओ परत परत पाहिला. फुलं ठेवताना मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या माणसाचा चेहरा हलतही नव्हता. मला कळेना की त्यात राग आहे का काहीच नाही. त्याला कदाचित ऊन लागत असेल.

परवा फेब्रुवारीतला तो दिवस होता. मी त्या रस्त्यावरून गेले, पाटीखाली कुणीतरी पिवळ्या ट्यूलिपची छोटी जुडी बांधून ठेवली होती, सुपरमार्केटचं स्टिकर तसंच. लाल रेघेची पाटी आता नाही. एक डिलिव्हरीवाला मुलगा सायकल थांबवून मला पत्ता विचारायला लागला, त्याला म्हटलं बरोबर आहे, हीच माजी-माजी-आले. त्यानं पाटी वाचली आणि एकदम हसून म्हणाला, पाणी पाणी? तो मोम्बासाचा निघाला.

घरी येऊन बाबांना फोन लावला. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंच होतं, मी दोन आठवडे टाळत होते. सांगितलं, बाबा, पुढच्या वर्षी काहीच पेरलं नाही त्यांनी. बियाणं पण जाळलं होतं.

ते काही बोलले नाहीत. मागे आईचा कुकर वाजत होता. आमच्या घरी बियाण्याची ज्वारी वेगळ्या कोठीत असते, राखेत, कडुनिंबाचा पाला घालून, आणि बहात्तरच्या दुष्काळात आजोबांनी घरातलं सगळं संपल्यावरही त्या कोठीचं झाकण उघडू दिलं नव्हतं, हे आम्ही सगळ्यांनी शंभर वेळा ऐकलेलं आहे.

"बाबा?"

"हाव, आयकून राह्यलो," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "उद्या ज्वारीले ऊन दाखवा लागन."

आणि फोन आईकडे दिला.